सांगाडा जुना, गाडी नवी

नगरच्या रणगाडा संग्रहालयात एक रोल्स-रॉइस आहे. आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलने १९९४ साली सुरू केलेल्या या संग्रहालयात माणसे येतात ती पॅटन, सेंच्युरियन आणि विजयंता हे रणगाडे पाहायला. त्या धुडांच्या मानाने ही गाडी बारकी दिसते. अंगावर पोलादी पत्रा आणि वर गोल बुरूज. गाड्या बांधायची हौस असलेल्या माणसाने मात्र जास्तीत जास्त वेळ तिच्यापाशी घालवावा, कारण मुळात ती लढाईसाठी बनलीच नव्हती. 'सिल्व्हर घोस्ट' या नावाने जगभर गाजलेली, राजेरजवाड्यांनी मिरवलेली ही मोटार. १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले, तेव्हा ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेने या गाड्यांच्या चेसिस ताब्यात घेतल्या आणि त्यांच्यावर दिमाखदार बॉडीच्या जागी चिलखत आणि मशीनगनचा बुरूज चढवला. वजन चार टनांच्या पुढे गेले.

त्या कारागिरांनी काय बदलले आणि काय तसेच ठेवले, ते नीट बघा. साडेसात लिटरच्या आसपासचे ते सहा सिलिंडरचे इंजिन त्यांनी होते तसेच ठेवले. त्यांचा हात गेला तो खाली. त्यांनी पाटे मजबूत केले आणि मागे एकेका चाकाच्या जागी जोडचाके बसवली. म्हणजे आधी त्यांनी भाराचा हिशोब केला.

जुन्या गाडीतून नवी गाडी बांधणाऱ्याने शिकायची पहिली गोष्ट हीच आहे. आधी भार, मग थांबणे, मग वळणे, आणि इंजिन सगळ्यांत शेवटी. आपल्याकडची तरुण पोरे नेमकी उलट्या बाजूने सुरुवात करतात. भंगारात एखादे दणकट इंजिन मिळाले की ते कोणत्या गाडीत घालायचे याचा शोध सुरू होतो. हे पुस्तक भारापासून सुरू होऊन इंजिनापाशी संपते. त्या क्रमासाठीच मी या प्रस्तावनेला आनंदाने होकार दिला.

हॉट रॉड हा प्रकार दक्षिण कॅलिफोर्नियात जन्मला. हेन्री फोर्डच्या कारखान्याने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी ही गाडी दीड कोटीच्या संख्येने बनवली. पुढे मंदीच्या वर्षांत याच गाड्या भंगाराच्या भावाने मिळू लागल्या. खिशात फारसे पैसे नसलेल्या पोरांनी त्या घेतल्या आणि पळायला ज्याची गरज नाही ते सगळे उपटून टाकले. मडगार्ड गेले, हूड गेले, पायऱ्या गेल्या. वजन उतरले आणि गाडी हलकी झाली. मुरोकसारख्या वाळलेल्या तळ्यांची सपाट, कडक माती हे त्यांचे मैदान. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असे ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन आणले आणि या हौसेला खरे बळ मिळाले. ते इंजिन, जुनी हलकी चेसिस आणि कापून खाली घेतलेला टप, असा या गाड्यांचा घाट तेव्हा जो ठरला तो आजही ओळखू येतो.

त्या पोरांच्या धाडसाचे कौतुक पुष्कळ झाले आहे, त्यांनी स्वतःला लावून घेतलेल्या शिस्तीचे तेवढे झालेले नाही. १९३७ साली तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी केली, आणि वेळ मोजायला घड्याळ आले, गाडी सोडण्याआधी तपासणी आली. १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' नावाचे मासिकच निघाले. १९४९ साली बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगाच्या चाचण्या सुरू झाल्या. १९५१ साली वॅली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली, ती रस्त्यावरच्या जीवघेण्या शर्यती रस्त्यावरून उचलून नियमांच्या मैदानात नेण्यासाठी. या चळवळीला दुसऱ्या महायुद्धानंतर जे बळ आले, त्यात सैन्यातून परतलेल्या तरुणांचा वाटा मोठा होता. ट्रक, जीप, विमाने यांची दुरुस्ती ते सरकारी खर्चाने शिकून आले होते, आणि घरी आल्यावर त्या हातांना काम हवे होते.

छावणीच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वाचताना नवल वाटत नाही. नगरला चिलखती गाड्यांचे शिक्षण १९२० च्या दशकापासून चालते. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, वेगवेगळ्या शाखा एकत्र करून आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल उभे राहिले. लष्करी वाहनांची तपासणी करणारी चकलालाची संस्था फाळणीच्या वेळी इकडे आली आणि तिच्यातूनच पुढे वाहन-संशोधनाची व्हीआरडीई ही संस्था, म्हणजे आजचे वाहननगर, घडली. गाडी ही विकत घेऊन वापरायची वस्तू असते, तशी उघडून बघायचीही असते, ही समजूत या गावाला फार आधीपासून आहे. संध्याकाळी एखाद्या गॅरेजबाहेर इंजिन उघडे पडलेले असले, तर त्याभोवती चार माणसे उभी राहतात. त्यातल्या निदान दोघांना त्यातले कळत असते.

याच नगरच्या फिरोदिया घराण्यातले नवलमल फिरोदिया यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस इटलीच्या पियाजिओ कंपनीची मालवाहू तीनचाकी मागवली आणि तिच्यावर माणसे बसवण्याची सोय करून घेतली. माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा बंद व्हावी, ही त्यामागची तळमळ. ऑटोरिक्षा आपल्या इतक्या अंगवळणी पडली आहे की ती एका मालगाडीचे रूप पालटून झाली, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यांचे बंधू हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना १९७२ साली आली आणि नगरच्या कारखान्यातून महाराष्ट्रभर गेली. या दोन्ही गाड्या हॉट रॉड नव्हेत, हे मला कळते. पण दुसऱ्याने एका कामासाठी बनवलेले यंत्र समजून घ्यायचे आणि आपल्या गरजेसाठी ते नव्याने मांडायचे, ही बुद्धी तीच आहे.

कारखान्यांच्या बाहेर तर ही बुद्धी गावोगाव दिसते. प्रवरेच्या काठी, लोणीला, १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि जिल्ह्यात ऊस वाहण्याचा प्रश्न आला. लाकडी चाकाच्या बैलगाडीला ते ओझे पेलेना. मग जुन्या मोटारीचा आक्स आणि हवेचे टायर बैलगाडीखाली गेले. पाथर्डीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या टायरगाड्या अजूनही हंगामात रस्त्याने दिसतात. कोणत्याही गाडीचा सांगाडा नव्या कामाला लावण्याचे जिल्ह्यातले सगळ्यात मोठे उदाहरण म्हणून मी तिच्याकडे बोट दाखवीन. बेअरिंगवर फिरणारे चाक आणि हवेचा टायर आल्याने बैलांच्या खांद्यावरचा ताण किती उतरला, ते गाडीवानाला विचारावे.

मग आला डिझेलचा काळ. १९७३ नंतर पेट्रोल भडकले आणि पेट्रोलची गाडी दारात उभी ठेवणे परवडेना. तेव्हा आपल्या मिस्त्रींनी जे केले, ती माझ्या मते महाराष्ट्राची खरी हॉट रॉड चळवळ. फक्त तिचे उद्दिष्ट वेगळे होते. कॅलिफोर्नियातला पोरगा ताशी मैलांच्या मागे होता, आपला मिस्त्री ॲव्हरेजच्या मागे. ॲम्बेसेडरमध्ये मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसले. जीपमध्येही डिझेल इंजिने चढली. जबलपूरला १९९९ पर्यंत बनत असलेली लष्कराची जोंगा डिस्पोजलमध्ये निघायची, तेव्हा तिचे चार लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन काढून तिथे डिझेल बसवणे हे तर ठरलेले काम. इंजिनाचे माउंटिंग नव्याने बनवायचे, बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लेथवर काढलेली जाड प्लेट घालायची, क्लच जुळवायचा, रेडिएटर पुढे सरकवायचा. यातले एकही काम पुस्तकात नव्हते. ते हातांतून हातांत गेले. त्या पिढीतली माणसे आता थकली आहेत आणि त्यांच्याजवळची मापे कोणी लिहून घेतलेली नाहीत. मला या पुस्तकाची निकड वाटते ती याच कारणाने.

अलीकडचे एक उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून एक छोटी जीप बांधली. किक मारून सुरू होणारी, डावीकडे स्टिअरिंग असलेली. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत आनंद महिंद्रा यांनी पाहिली आणि त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत तो व्यवहार पूर्ण झाला. बातमी गोड होती आणि आपण ती गोड मानून सोडून दिली. पण महिंद्रांनी तेव्हाच एक गोष्ट बोलून दाखवली होती, की ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या तिला रस्त्यावरून उतरावे लागेल. म्हणजे इतक्या कसबी माणसाला आपण बक्षीस देऊ शकलो, पासिंग देऊ शकलो नाही. ही गोष्ट मला तेव्हापासून टोचते.

मोठ्या शहरांत या हौसेने व्यवसायाचे रूप घेतले. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथल्या आर्ट सेंटरमध्ये शिकलेल्या दिलीप छाब्रिया यांनी मुंबई-पुण्यात गाड्यांचे रूप पालटण्याचा उद्योग उभा केला. त्यांची 'अँबीरॉड' ही ॲम्बेसेडरवरून बेतलेली हॉट रॉड. अक्षय वर्दे यांच्या 'वर्देंची'ने मोटारसायकलींत नाव कमावले. ही कामे पाहावीत, त्यांची रेषा आणि सफाई अभ्यासावी. पण नगरच्या एमआयडीसीत संध्याकाळी पाळी संपवून गॅरेजमध्ये येणाऱ्या टर्नरला त्यांतून फार हाती लागणार नाही, कारण तिथे चित्र आधी येते आणि गाडी त्यामागून. त्याच्याकडे आधी गाडी आहे, तीही गंजलेली.

म्हणून थोडे प्रत्यक्ष कामाचे बोलतो.

पहिला प्रश्न सांगाड्याचा. जुन्या जीपला, जोंगाला, युद्धापूर्वीच्या गाड्यांना खाली वेगळी चेसिस असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी चेसिस आपल्या चाकांवर उभी राहते. हॉट रॉडची सारी परंपरा अशा गाड्यांवर वाढली. ॲम्बेसेडर आणि पद्मिनी यांचे तसे नाही. त्यांचा तळ, खांब आणि टप मिळूनच सांगाडा होतो. अशा गाडीचा टप कापून ती उघडी केली, की मधून तिचा कणा गेला. दरवाजे लागेनासे होतात, खड्ड्यात काचेला तडा जातो, आणि धडक बसली तर गाडी मिटते. टप कापायचाच असेल, तर दरवाजाखालच्या सिलच्या आत पोलादी पेटी बांधावी लागते आणि तळाला आडवे-तिरके आधार द्यावे लागतात. हे वजन वाढवणारे आणि कंटाळवाणे काम आहे, म्हणून ते टाळले जाते. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. त्यामुळे आता पद्मिनी घेऊन काही करू पाहणारे वाढतील. त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

चेसिस वेगळी असली म्हणजे वाटेल तसे कापावे असेही नाही. चेसिसची लांबी कमी-जास्त करताना सरळ काप घेऊन टोकाला टोक लावून वेल्डिंग मारलेली मी पाहिली आहे. सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. जोड तिरका घ्यावा आणि आतून फिश प्लेट द्यावी. भोक पाडायचे तर चॅनलच्या मधल्या उभ्या बाजूला. वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडणे म्हणजे जिथे ताण सगळ्यात जास्त तिथेच ती कमजोर करणे. आणि वेल्डिंगच्या आधी मापे. चेसिस घोड्यांवर सपाट ठेवायची, ठरलेल्या बिंदूंवरून ओळंबा सोडायचा, खाली फरशीवर खडूने खुणा करायच्या आणि त्या खुणांचे कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले तर चेसिस काटकोनात आहे. या कामाला सुतळी, ओळंबा आणि टेप याशिवाय काही लागत नाही. गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते म्हणून अलाइनमेंटवर पैसे घालवणाऱ्या कितीतरी जणांचा दोष या फरशीवरच सापडला असता.

मग ब्रेक. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. ताशी ४० किलोमीटरवर जे ड्रम ब्रेक पुरत होते, ते ८० वर चौपट तापतात. ६० अश्वशक्तीची विलिस जीप ज्या ड्रमांवर थांबत होती, त्याच ड्रमांवर दुप्पट ताकदीचे इंजिन घालणाऱ्याला मी मिस्त्री म्हणणार नाही. पुढे डिस्क, दोन वेगळ्या वाहिन्यांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे एक पाइप फुटला तरी उरलेली दोन चाके धरतील, आणि मागे-पुढे दाबाचे योग्य वाटप. डिझेल इंजिन घातले असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ब्रेक बूस्टरला लागणारी निर्वात हवा पेट्रोल इंजिन आपसूक देते, डिझेल देत नाही. त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. हे विसरून बांधलेल्या गाडीचे पेडल ऐन घाटात दगडासारखे होते.

स्टिअरिंगविषयी पुस्तकात मोठे प्रकरण आहे, तेव्हा मी एवढेच सांगतो. गाडी उंच करण्यासाठी पाटे वाढवले की ड्रॅग लिंकचा कोन बदलतो आणि चाक खड्ड्यात गेले की गाडी आपोआप वळते. चालवणाऱ्याला वाटते गाडीत जोर आहे. किंगपिनचा मागे असलेला कल कमी झाला तर वळणानंतर स्टिअरिंग आपण होऊन सरळ होत नाही आणि एका ठरावीक वेगाला पुढची चाके थरथरू लागतात. या खोडी सुटे भाग बदलून जात नाहीत. त्या भूमितीतल्या आहेत.

आणि इंजिन. जीपचा व्हीलबेस ८० इंच. त्यात लांबलचक इंजिन आणि गिअरबॉक्स कोंबला की मागचा प्रॉपेलर शाफ्ट हातभरही उरत नाही. शाफ्ट आखूड, म्हणजे त्याचा कोन मोठा, आणि क्रॉस महिन्या-दोन महिन्यांत जातो. इंजिनाची रेषा आणि हौसिंगमधल्या पिनियनची रेषा समांतर असावी लागते, नाहीतर गाडी एका वेगाला गुंगू लागते. वजन पुढे सरकते, पुढचे पाटे बसतात, मागची चाके ब्रेक मारताच घसरतात. अमेरिकन पुस्तकांतली चित्रे पाहून व्ही-८ चे स्वप्न बघणाऱ्यांना माझे सांगणे असे, की मे महिन्यातल्या नगर-मनमाड रस्त्यावर तासभर उभ्या रहदारीत तुमचा रेडिएटर काय करील याचा आधी विचार करा.

रूपाचा भाग मी मुद्दाम उशिरा घेतला, पण तो कमी मोलाचा नाही. टप तीन इंच खाली घेतला तर गाडीचा चेहरा पालटतो. पण पुढचे-मागचे खांब आत झुकलेले असतात, त्यामुळे मधला तुकडा काढून वरचा टप खाली बसवला की टोके जुळत नाहीत. खांब जास्त कलते करावे लागतात किंवा टप मधून उभा-आडवा कापून वाढवावा लागतो. काचेचाही विचार आधीच हवा. लॅमिनेटेड सपाट काच कापता येते, टफन्ड काच कापायला गेलात तर तिचा चुरा होतो. कसबी डेंटर लाकडी हातोडी आणि डॉली घेऊन पत्रा असा उतरवतो की लांबी नखभरही लागत नाही. आपल्याकडे असे हात अजून आहेत, आणि फायबरचे खोटे स्कूप चिकटवण्याच्या कामावर ते वाया जात आहेत. गाडीवर जे दिसते त्याला काम असले पाहिजे, या मताचा मी आहे. बोनेटवर हवेचे तोंड असेल तर त्यातून हवा आत गेली पाहिजे. आणि सायलेन्सर काढून गल्लीतून फटाके वाजवत जाणाऱ्यांचा या कलेशी काही संबंध नाही. त्यांच्यामुळे गाडी बांधणारा प्रत्येक माणूस पोलिसांच्या नजरेत टवाळ ठरतो.

कोणती गाडी कापू नये हेही सांगायला हवे. युद्धकाळातली विलिस किंवा फोर्डची जीप मूळ इंजिनासकट शाबूत मिळाली, तर तिला ग्राइंडर लावणे मला पाप वाटते. ती जशीच्या तशी उभी करावी. तशा गाड्यांसाठी २०२१ साली केंद्राने वेगळे नियमही केले. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात जपलेली खाजगी गाडी 'व्हीए' या अक्षरांच्या क्रमांकाने नोंदवता येते. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षे. रोजच्या वापराला ती चालत नाही, प्रदर्शन आणि रॅलीला चालते. ही सोय चांगली झाली. पण मोठे फेरबदल केलेली गाडी तिच्यात बसत नाही, म्हणजे हॉट रॉडला ते दार बंदच आहे.

कायद्याची बाजू वाचकाने डोळे उघडे ठेवून समजून घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. मान्यताप्राप्त किट बसवून सीएनजी किंवा बॅटरीवर गाडी नेण्याला वाट ठेवली आहे. आरटीओची आधी परवानगी घेऊन त्याच प्रकारचे इंजिन बदलता येते. याच्या पलीकडे जाऊन बांधलेली गाडी शेतात, खाजगी आवारात, प्रदर्शनात ठेवावी. एमएच १६ ची पाटी लावून ती सावेडीच्या रस्त्यावर आणू नये. हे पुस्तक वाचून कोणी तसे केले तर ते लेखकाच्या आणि माझ्या इच्छेविरुद्ध असेल.

मात्र हा कायदा आहे तसाच राहावा असे मला वाटत नाही. रस्त्यावरच्या इतर माणसांचा जीव सांभाळण्याचे त्याचे उद्दिष्ट योग्य आहे, आणि तेच उद्दिष्ट ठेवून इतर देशांनी वाट काढली आहे. इंग्लंडात बराच काळ रूप पालटलेल्या गाडीला गुण देत असत. मूळ चेसिस टिकली असेल तर ५ गुण. सस्पेन्शन, आक्स, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. आणि इंजिनाला फक्त १. किमान ८ गुण भरले तर जुना नंबर राहायचा, नाहीतर त्या एकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी व्हायची आणि ती कसोटीला उतरली तर नवा नंबर मिळायचा. त्या तक्त्यात चेसिस सगळ्यात वर आणि इंजिन सगळ्यात खाली होते, हे वाचकाने बघून ठेवावे. कॅलिफोर्नियाने घरी बांधलेल्या गाड्यांसाठी वर्षाला ५०० नोंदण्यांची वेगळी सोय ठेवली आहे. जर्मनीत तपासनीस एकेका गाडीची तपासणी करून ती मंजूर किंवा नामंजूर करतो.

आपल्याकडे अशा तपासणीची साधने नाहीत असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. देशात नवी गाडी विकण्याआधी तिचा नमुना ज्या संस्थांकडे तपासायला द्यावा लागतो, त्यांची नावे केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ मध्ये आहेत. पुण्याच्या एआरएआयबरोबर तिथे नगरच्या व्हीआरडीईचेही नाव आहे. ब्रेक, स्टिअरिंग, धूर, आवाज सगळे मोजायची व्यवस्था आणि चाचणीचा ट्रॅक या गावाच्या वेशीवर आहे. आज तिथे जाण्याची वाट कंपन्यांसाठी आहे. वर्षाकाठी मोजक्या, घरी बांधलेल्या गाड्यांसाठी ती थोडी किलकिली करावी. बांधणाऱ्याने आराखडा, वजनाचे आकडे आणि वेल्डिंगच्या जोडांची छायाचित्रे आधी सादर करावीत, ब्रेकची चाचणी द्यावी, नापास झाला तर गाडी परत न्यावी. फी घ्या, विमा सक्तीचा करा, वेगाला मर्यादा घाला. अशी वाट निघाली तर चोरून, घाईत, कच्चे काम करणाऱ्याला पक्के काम करण्याचे कारण मिळेल. १९५१ साली अमेरिकेत जे घडले ते याहून वेगळे नव्हते. जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ही मागणी लावून धरावी. दरवर्षी तीच ती प्रोजेक्टे जमा करून घेण्यापेक्षा एका जुन्या चेसिसवर चार पोरांना वर्षभर काम करू द्यावे, आणि मार्क गाडी किती पळते यावर न देता ती किती अंतरात थांबते यावर द्यावेत.

घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण २०२१ पासून लागू झाले आहे, आणि नोंदणीकृत केंद्रात गेलेली चेसिस पुन्हा गाडी होण्यासाठी बाहेर येत नाही. धूर ओकणारी, फिटनेस नसलेली वाहने रस्त्यावरून जावीत हे मलाही मान्य आहे. पण त्यांच्याबरोबर जोंगाचे हौसिंग, जुन्या जीपचे ट्रान्सफर केस, साठ वर्षांपूर्वीचा जाड पत्रा हेही वितळणार आहे. शिकायचे साहित्य हेच आहे. आज ते भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने मिळते.

या पुस्तकाचा लेखक लेथवर वाढलेला माणूस आहे. त्याची वाक्ये आखूड आहेत आणि आकृत्या हाताने काढलेल्या, मापे कुठे इंचांत तर कुठे मिलिमीटरमध्ये. ती मी तशीच ठेवायला सांगितली, कारण गॅरेजमध्ये दोन्ही चालतात. वाचकाने पुस्तक पहिल्या प्रकरणापासूनच वाचावे. इंजिनाचे प्रकरण आधी उघडले तर ते कळणारही नाही, कारण त्यातला प्रत्येक आकडा मागच्या प्रकरणांतल्या आकड्यांवर उभा आहे. सुरुवातीला लेखक जे काम सांगतो त्याला पाना लागत नाही. गाडी उघडण्याआधी ती जवळच्या वजनकाट्यावर न्यायची. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात काट्यांना तोटा नाही. आधी पुढची चाके काट्यावर घ्यायची, मग मागची, मग सबंध गाडी. तिन्ही आकडे तारखेसह वहीत लिहायचे. घरी येऊन चेसिस नंबर खरवडून स्वच्छ करायचा, त्याचे छायाचित्र काढायचे आणि त्याच्याभोवती वीतभर जागेवर रंगाने चौकट आखायची. त्या चौकटीच्या आत ग्राइंडर जाता कामा नये.